सनई देवडीवरच का?

गेल्या वैशाखात आमच्या कार्यालयातील एका वडीलधाऱ्या मराठी गृहस्थांच्या कन्येचा विवाह आमच्या बदलीच्या या उत्तरेकडील नगरात पार पडला. मुंडावळ्या पुण्याहून आल्या, भटजी नागपूरहून आले, पुरणपोळ्या करणाऱ्या बाई इंदूरहून आल्या. सनई-चौघडा मात्र कोठूनच मिळेना. अखेर मुहूर्ताच्या वेळी ध्वनिक्षेपकावर बिस्मिल्ला खाँसाहेबांचे ध्वनिमुद्रण लावण्यात आले. ते ऐकण्याजोगे होते यात शंका नाही. परंतु शेवटचे मंगलाष्टक संपले, अंतरपाट दूर झाला, आणि नेमक्या त्याच क्षणी खाँसाहेबांना बाजूला सारून त्या यंत्रातून गुडघेदुखीच्या मलमाची जाहिरात सुरू झाली. मंडपात हशा पिकला. वधूपिता तेवढे हसले नाहीत. ते आम्हांस म्हणाले, "अहो, या शहरात विद्यापीठ आहे, विद्यापीठाला संगीत विभाग आहे. तेथे सनई वाजविणारा एक मनुष्य नसावा?"

त्या विभागात आम्ही आठ दिवस आधीच चौकशी करून आलो होतो. तेथे कंठसंगीत होते, सतार होती, व्हायोलिन होते, तबला होता, बासरीचेही दोन विद्यार्थी होते. सनई नव्हती, पखवाज नव्हता, चौघडा म्हणजे काय हे तेथील कार्यालयीन सेवकाला समजावून सांगावे लागले. एका तरुण प्राध्यापकांनी सौजन्याने तबल्याचे दोन पदवीधर पाठविण्याची तयारी दर्शविली. परंतु त्यांच्यासोबत नगमा धरणारा कोणी नसल्यामुळे ते यंत्रावरच वाजवितील, असेही त्यांनी सांगितले. म्हणजे एका यंत्राच्या ऐवजी दुसरे यंत्र!

हा केवळ एका लग्नघरच्या गैरसोयीचा प्रश्न असता तर आम्ही लेखणी उचलली नसती. आमचे म्हणणे असे की, आपल्या विद्यापीठांनी सुषिर आणि अवनद्ध, म्हणजे फुंकून वाजवावयाच्या आणि कातडे मढवून वाजवावयाच्या, वाद्यांचे शिक्षण ज्या रीतीने चालविले आहे, त्या रीतीने वादक निर्माण होणे अशक्य आहे. आणि ज्यांच्या घरी ही विद्या अद्याप जिवंत आहे, त्यांना शिक्षक म्हणून अथवा विद्यार्थी म्हणून आत घेण्याचा मार्ग याच विद्यापीठांनी कागदाने बंद केला आहे. हे विधान कठोर वाटेल. ते आम्ही जबाबदारीने करीत आहो, कारण आम्ही स्वतः तबल्याचे पदवीधर आहो.

होय, प्रथम वर्गात उत्तीर्ण झालेले पदवीधर! तीन वर्षे आम्ही एका विद्यापीठाच्या संगीत विभागात काढली. आठवड्याला तबल्याचे सहा तास असत आणि प्रत्येक तास पंचेचाळीस मिनिटांचा असे. वर्गात आम्ही चौदा जण होतो. सरकारी नोकरीत हिशेबाची सवय जडते म्हणून पुढे एकदा आम्ही त्रैराशिक मांडून पाहिले. दोनशे सत्तर मिनिटांना चौदाने भागले असता प्रत्येकाच्या वाट्यास गुरुजींची एकोणीस मिनिटे येतात. वर्षाचे तीस आठवडे धरले तरी दहा तास भरत नाहीत. तीन वर्षांचे मिळून तीस तासही होत नाहीत. उस्तादापुढे रोज चार तास बसणारा शागीर्द एवढे शिक्षण एका आठवड्यात घेतो! गुरुजींचा यात काडीमात्र दोष नव्हता. ते जाणते होते, आणि चौदा जणांचे अठ्ठावीस हात एकदम पाहण्याची शक्ती परमेश्वराने कोणासच दिलेली नाही.

मग आम्ही शिकलो काय? आम्ही वह्या भरल्या. पेशकार, कायदा, रेला, गत, तुकडा, चक्रदार यांच्या व्याख्या पाठ केल्या. दिल्ली, अजराडा, लखनौ, फरुखाबाद, बनारस आणि पंजाब या घराण्यांची वैशिष्ट्ये प्रत्येकी पाच गुणांच्या उत्तरात बसवावयास शिकलो. प्रात्यक्षिक परीक्षेत वीस मिनिटांत तीनताल वाजविला. गुणपत्रिका हाती आली, आणि त्याच वर्षी गोकुळअष्टमीस आमच्या गावच्या विठ्ठलमंदिरात कीर्तनाच्या साथीस बसण्याचा प्रसंग आला. बुवांनी पूर्वरंगात पद उचलले. मध्येच ते थांबले, एक शब्द तिप्पट लांबविला, श्रोत्यांकडे पाहून हसले, आणि पुन्हा समेवर आले तेव्हा आम्ही समेच्या दोन मात्रा पुढे निघून गेलो होतो. जो यंत्राच्या नगम्यावर तीन वर्षे वाजवितो, त्याला श्वास घेणाऱ्या माणसाबरोबर वाजविता येत नाही, हे ज्ञान आम्हांस पदवी मिळाल्यानंतर झाले. बुवांनी आमच्या मांडीखालचा तबला काढून शेजारच्या गुरवाच्या पोराकडे पखवाज दिला. तो पोरगा नववी नापास होता.

हे सांगताना आम्हांस आज लाज वाटत नाही. परंतु त्या पदवीच्या कागदाची मात्र दया येते.

या दोन प्रकारच्या वाद्यांचे शिक्षण इतर विषयांहून कोठे वेगळे पडते, हे नीट ध्यानात घेतले पाहिजे. फुंकीच्या वाद्यात विद्यार्थ्याची छाती हेच वाद्याचे अर्धे अंग होय. सनईच्या नळीवर भोके असतात, चाव्या नसतात. तिचे अर्धे स्वर, तिची मींड, तिची गमक हे सर्व बोटाने भोक किती झाकले, ओठांनी पत्ती किती दाबली आणि वारा किती सोडला यांवर अवलंबून असते. गालात वारा साठवून तो वाद्यात सोडीत असतानाच नाकाने नवा श्वास घ्यावयाचा, म्हणजे स्वर तुटत नाही, ही क्रिया पुस्तकात एका वाक्यात लिहिता येते. साधावयास मात्र वर्षे लागतात. नवशिक्याला पाण्याच्या भांड्यात नळी बुडवून बुडबुडे अखंड ठेवावयास लावण्याची जुनी युक्ती याचसाठी आहे. पहिल्या सहा महिन्यांत ओठांची ठेवण चुकली, तर ती चूक पुढे हाडीमाशी खिळते. म्हणून शिक्षकाने विद्यार्थ्याचे तोंड रोज पाहिले पाहिजे. आठवड्यातून एकोणीस मिनिटे नव्हे.

तालवाद्याचेही तसेच. 'धिरधिर' हा बोल कागदावर चार अक्षरांचा आहे, हातावर मात्र तो तळव्याच्या कोणत्या भागाने, किती उंचीवरून आणि किती सैल मनगटाने काढावयाचा हा सारा प्रश्न आहे. प्रत्येक घराण्याचे त्याला वेगळे उत्तर आहे. ते उत्तर गुरूच्या हाताकडे पाहून आणि गुरूने आपला हात धरून दाखविल्यानेच मिळते. पखवाजाच्या डाव्या तोंडास कणीक किती लावावी, तबल्याच्या गठ्ठ्यावर हातोडी कोठे मारली असता सूर चढतो, पुडीची शाई दमट हवेत कशी बदलते, हे पाठ्यक्रमात नसते आणि वादकाच्या जन्मात रोज असते.

ज्या परिस्थितीत हे शिक्षण द्यावयाचे, तिची कथा आणखी न्यारी. आमचा वर्ग ग्रंथालयाच्या भिंतीस लागून होता. ग्रंथपालांचे पत्र आले की, तबल्याच्या विद्यार्थ्यांनी 'मंद आवाजात' अभ्यास करावा. त्या पत्राची पोच घेण्यात आली, त्यावर टिप्पणी लिहिण्यात आली, आणि आम्हांस वर्षभर बोटांच्या टोकांनी वाजविण्याचा आदेश झाला. पोहणे शिकविणाऱ्याने मुलांना पाण्यास हात न लावण्याची सूचना द्यावी, तशातला हा प्रकार. पुढे पुड्या फाटल्या. पुड्या बसविणारा कारागीर बाजाराच्या कोपऱ्यावर बसत असे आणि त्याचे काम उत्तम होते. पण त्याच्यापाशी ना छापील दरपत्रक, ना कर-नोंदणीचा क्रमांक. तीन दरपत्रके आल्याखेरीज खरेदी होणे नाही! तेव्हा जडसंग्रह नोंदवहीत 'तबला जोड्या : सात' असे लिहिलेले असताना वाजण्याच्या स्थितीत दोनच जोड्या होत्या, आणि चौदा जण त्या आळीपाळीने घेत होते. नियम आम्हीही रोज लिहितो, त्यांची आवश्यकता आम्हांस ठाऊक आहे. परंतु जो नियम विद्यार्थ्याच्या हातातून वाद्य काढून घेतो, त्याला संगीत विभागात नियम म्हणावयाचे की अडथळा?

आता सनई मुळात विद्यापीठात आलीच का नाही, या प्रश्नाकडे वळू. येथे आपणा मराठी माणसांस थोडे अंतर्मुख व्हावे लागेल, कारण आधुनिक संगीतशाळा हे फार मोठ्या प्रमाणात आपल्याच लोकांचे कर्तृत्व आहे. १८८६ साली बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी गायनशाळा काढली. १९०१ साली विष्णु दिगंबर पलुसकरांनी लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिले. १९१६ साली बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तिच्यामागे पंडित विष्णु नारायण भातखंडे होते. आणि त्यांच्याच प्रयत्नांतून पुढे १९१८ साली ग्वाल्हेरचे व १९२६ साली लखनौचे महाविद्यालय उभे राहिले. स्वदेशापासून शेकडो कोस दूर जाऊन या मंडळींनी जे केले, त्यापुढे नतमस्तक व्हावे एवढे ते मोठे आहे. कोठीवरून आणि दरबारातून संगीत काढून त्यांनी ते सभ्य गृहस्थाच्या मुलामुलींपर्यंत नेले.

परंतु सभ्य गृहस्थाने त्यातून काय घेतले आणि काय दारातच ठेवले? त्याने गाणे घेतले, पेटी घेतली, सतार घेतली. गाण्यास साथ हवी म्हणून तबला घेतला. सनई घेतली नाही. सनई नगारखान्यातली होती. नगारखाना देवळाच्या किंवा वाड्याच्या देवडीवर असतो, गाभाऱ्यात नसतो आणि दिवाणखान्यातही नसतो. ती वाजविणारे हात गुरवाचे, नाभिकाचे, होलाराचे, मांगाचे होते. त्यांच्या वाद्यावाचून आपले लग्न लागत नव्हते, देवाची काकड आरती होत नव्हती, आणि तरीही त्यांची पंगत वेगळी बसत होती. ओठांना लागणारे वाद्य उष्टे, आणि कातड्याचे वाद्य विटाळाचे, ही भावना घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडून ज्यांनी ऐकली नाही, असे आमचे किती वाचक असतील? शाळा निघाल्या तेव्हा ही भावना कोणी ठरावाने मांडली नाही. तशी आवश्यकताच नव्हती. पाठ्यक्रम ठरविणारे ज्या घरांतून आले, त्या घरांत जी वाद्ये होती तीच पाठ्यक्रमात आली.

बासरीचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. पन्नालाल घोषांनी लांब बांबूची, खर्जात बोलणारी बासरी रागसंगीतात आणली. १९६० साली ते गेले तोवर बासरीस मैफलीत मानाचे स्थान मिळाले होते. मैफलीने मान दिला, तेव्हा विद्यापीठांनीही तिला जागा दिली. सनईलाही बिस्मिल्ला खाँसाहेबांनी याच काळात तितक्याच, किंबहुना अधिक, उंचीवर नेले. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाचा आरंभ सनईने करण्याचा प्रघात आहे. मग बासरी वर्गात आणि सनई दाराबाहेर, असे का? कृष्णाच्या हातात एक आहे आणि दुसरी नाही, याहून निराळे कारण आम्हांस तरी सापडलेले नाही.

शिक्षकांच्या नेमणुकीकडे वळल्यावर तर हे कोडे अधिकच गडद होते. बिस्मिल्ला खाँसाहेब काशीच्या बालाजी मंदिरात आपल्या मामांच्या, अलीबक्षांच्या, हाताखाली शिकले. त्यांचे शाळेतील शिक्षण नाममात्र होते. बनारस हिंदू विद्यापीठाने आणि विश्वभारतीने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. २००१ साली राष्ट्राने भारतरत्न दिले. आता विद्यापीठ अनुदान आयोगाची २०१८ ची नियमावली उघडा. संगीताच्या साहाय्यक प्राध्यापकपदासाठी तीत दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग पंचावन्न टक्क्यांच्या पदव्युत्तर पदवीचा आणि राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा अथवा पीएच. डी.चा. दुसरा मार्ग परंपरेतील कलावंतांसाठी म्हणून ठेवला आहे : नामांकित गुरूकडे अध्ययन, आकाशवाणीची 'अ' श्रेणी, विषय सोदाहरण शिकविण्याची क्षमता, आणि यांच्या जोडीस स्नातक पदवी! म्हणजे ज्यांना विद्यापीठाने डॉक्टरेट देऊन स्वतःस धन्य मानले, तेच खाँसाहेब त्या नियमाखाली त्याच विद्यापीठात सनईचे साहाय्यक प्राध्यापक होण्यास अपात्र ठरले असते. उलट अहमदजान थिरकवा खाँसाहेब, ज्यांचा तबला बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत आपल्या वडिलांनी-आजोबांनी ऐकला, ते उतारवयात लखनौच्या भातखंडे महाविद्यालयात तबल्याचे प्राध्यापक होते. त्या काळी त्यांना कोणी पदवीचा कागद मागितला नाही. आपण पुढे आलो आहो की मागे गेलो आहो?

पहिल्या मार्गावरील राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे स्वरूपही पाहून घ्यावे. दोन प्रश्नपत्रिका, दीडशे प्रश्न, प्रत्येकाखाली चार पर्याय, तीन तास. संगीताच्या विषयात तालवाद्ये हा एक स्वतंत्र भाग आहे, ही समाधानाची गोष्ट; पण त्या तीन तासांत उमेदवाराने वाद्यास बोट लावावयाचे नसते. योग्य गोलावर टिचकी दिली की तबला आला!

आमच्या या म्हणण्यावर आक्षेप येतील, आणि त्यांतील काही दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. पहिला आक्षेप आमच्याच बिरादरीतून येईल : कागदी अटी काढल्या तर वशिलेबाजी माजेल. ही भीती खरी आहे. नियम वशिल्याच्या विरुद्ध जन्मास आले, आणि त्यांची पाठराखण करणे हे आमचे पोटाचे काम आहे. पण वशिल्यास आळा घालण्याचा उपाय कागद हाच एक आहे काय? आकाशवाणी कलावंतांची ध्वनिचाचणी घेऊन त्यांस श्रेणी देते. ही पद्धत डॉ. बाळकृष्ण केसकर माहिती व नभोवाणी मंत्री असताना, १९५२ नंतरच्या काळात, बसविली गेली. तिच्यावर त्या वेळी मोठे वादळ उठले, थोरथोर कलावंत रुष्ट झाले; तिच्यात उणिवाही असतील. पण वादन कानाने मोजता येते आणि त्याची नोंद कार्यालयीन रीतीने ठेवता येते, हे तीवरून सिद्ध होते. विद्यापीठ अनुदान आयोगाने ती श्रेणी स्वतःच ग्राह्य धरली आहे. मग तिच्या शेजारी स्नातक पदवीची अट ठेवून काय साधले? पडद्याआडून वादन ऐका, ध्वनिमुद्रण दप्तरी ठेवा, परीक्षक परप्रांतातून बोलवा. वशिल्याची वाट कागदाने होते त्याहून अधिक बंद होईल.

दुसरा आक्षेप असा की, घराण्याचे उस्ताद विद्या चोरून ठेवतात, त्यांच्या हाती विद्यार्थी देणे धोक्याचे. असे उस्ताद झाले आहेत. पण इंदूरच्या होळकर दरबारातील नानासाहेब पानशांनी पखवाजाची शिकवण सुव्यवस्थित करून ती मुक्तहस्ते वाटली आणि त्यांची शिष्यशाखा महाराष्ट्रभर पसरली, हेही त्याच परंपरेत घडले आहे. मैहरास अल्लाउद्दीन खाँसाहेबांनी अनाथ मुले गोळा करून त्यांचा वाद्यवृंद उभा केला, तोही एका उस्तादाचाच उद्योग होता. विद्या चोरणे हा मनुष्याचा दोष आहे, परंपरेचा लक्षणधर्म नव्हे. आणि ज्याला पोटाची शाश्वती आहे, तो चोरत नाही. ती शाश्वती देणे विद्यापीठाच्या हाती आहे.

तिसरा आक्षेप विद्वानांचा : विद्यापीठाने विद्या द्यावी, कारागिरी नव्हे, वादकाला इतिहास, शास्त्र, सौंदर्यविचार कळला पाहिजे. कळला पाहिजे, हे आम्ही मनःपूर्वक मान्य करितो. त्या वर्गांत आम्ही जे वाचले त्याचा आनंद आजही आमच्यापाशी आहे. परंतु शल्यविद्येच्या महाविद्यालयात शरीरशास्त्राचा इतिहास शिकवून शस्त्र हातात न देता पदवी दिली, तर तिला कोणी विद्या म्हणेल काय?

आणि हे काम आपल्या देशात होऊ शकत नाही असेही नाही. पचमढीस लष्कराची संगीत शाखा १९५० सालापासून आहे. तेथे फौजेतील जवानांस फुंकीची आणि तालाची वाद्ये शिकविली जातात. फौजेला कवायतीसाठी वादक खरोखरच हवे असतात, म्हणून शिकणे हेच तेथे जवानाचे काम असते, आणि वाद्याचा आवाज होतो म्हणून तेथे ग्रंथपाल पत्र लिहीत नाही. तामिळनाडूत सरकारी जिल्हा संगीतशाळांत नागस्वर आणि तविल हे स्वतंत्र विषय आहेत. तिरुपतीच्या देवस्थानाने नागस्वर आणि डोलू यांसाठी निराळी शाळा चालविली आहे. तेथे फुंकीचे आणि तालाचे वाद्य जोडीने शिकविले जाते, कारण देवळात ते जोडीने वाजते. नागस्वर शिकणाऱ्याच्या शेजारी तविल शिकणारा बसतो, आणि दोघे एकमेकांचा श्वास ओळखू लागतात. गोव्यात पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या गावशाळांनी खेड्यातील पोरांना स्वरलिपी आणि वाद्ये शिकविली. त्यांतील पोरे पुढे मुंबईच्या चित्रपटांच्या वाद्यवृंदांत बसली, आणि त्यांनी वाजविलेली गाणी आपण आजही गुणगुणतो. या सर्व ठिकाणी एकच सूत्र दिसेल : लहानपणी आरंभ, रोजचा अभ्यास, आणि शिकविणारा स्वतः वाजविणारा.

तेव्हा आमच्या मागण्या थोड्या आणि स्पष्ट आहेत. सनई, सुंद्री, पखवाज, चौघडा, संबळ यांस प्रादेशिक परंपरेनुसार पदवीच्या विषयांत स्थान द्यावे. जेथे नागस्वर आहे तेथे नागस्वर, जेथे सनई आहे तेथे सनई. परंपरेतील वादकांच्या नेमणुकीसाठी स्नातक पदवीची अट काढून ध्वनिचाचणीस निर्णायक मान द्यावा. २०२२ साली आयोगाने व्यवसायातील जाणत्यांस औपचारिक पदवीवाचून प्राध्यापक म्हणून घेण्याची जी योजना आखली, ती चांगली आहे. पण तिची मुदत सामान्यतः तीन वर्षांची, वाढवून चार. तीन वर्षांत पाहुणचार होतो, परंपरा उभी राहत नाही. अठराव्या वर्षी सनई हाती घेणे हे फार उशिराचे होय. म्हणून बडोद्याच्या जुन्या गायनशाळेप्रमाणे प्रत्येक संगीत विभागास मुलांचा प्राथमिक वर्ग जोडावा. एका शिक्षकाकडे चारांहून अधिक विद्यार्थी देऊ नयेत आणि त्यांची भेट रोज व्हावी. फुंकीचे आणि तालाचे विद्यार्थी पहिल्या वर्षापासून एकत्र बसवावेत; यंत्राचा नगमा घरच्या रियाझापुरता राहू द्यावा. अंतिम परीक्षा बंद खोलीत वीस मिनिटांची न ठेवता श्रोत्यांपुढे, जिवंत गायकाच्या साथीने घ्यावी. आणि पत्ती, पुडी, वादी यांची खरेदी व दुरुस्ती विभागप्रमुखाच्या सहीने, दरपत्रकावाचून, त्याच दिवशी होईल एवढी किरकोळ रक्कम त्याच्या हाती ठेवावी. ही शेवटची मागणी वाचून आमचे वरिष्ठ हसतील. परंतु ज्याने फाटक्या पुडीवर परीक्षा दिली आहे, तो हसणार नाही.

हे सर्व आम्ही या मासिकात का लिहितो, असा प्रश्न वाचकांस पडेल. त्याचे कारण असे की, या मासिकाचे वाचक बहुतांशी आमच्याप्रमाणेच घरापासून दूर, केंद्राच्या निरनिराळ्या खात्यांत आहेत. आपल्यापैकी कोणी नियमांचे मसुदे लिहितो, कोणी त्यांवर टिप्पणी करितो, कोणी समितीचे इतिवृत्त तयार करितो, कोणी त्याखाली सही करितो. 'आवश्यक अर्हता' या मथळ्याखालची ओळ आकाशातून पडत नाही. ती आपल्यासारख्याच कोणाच्या तरी टेबलावर लिहिली जाते, आणि मागील फायलीवरून जशीच्या तशी उतरून घेतली जाते. आम्ही स्वतः अशा ओळी उतरून घेतल्या आहेत. आणि आपल्या परप्रांतीय महाराष्ट्र मंडळांचे काय? गणेशोत्सवात आपण मुंबईहून गायक आणतो, नाटक आणतो. सोलापूरहून एक सुंद्रीवादक किंवा पंढरपूरहून एक पखवाजी आणून त्याला येथील विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांपुढे दोन दिवस बसवावे, असे कितीशा मंडळांना सुचले?

शेवटी एक गोष्ट सांगून हा लेख संपवितो. आमच्या कार्यालयात चतुर्थ श्रेणीतून आलेले एक सहकारी आहेत, सांगली जिल्ह्यातले. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सनई. वडिलांनी देवीच्या देवळात वाजविली. ह्यांनी नोकरीसाठी सोडली. पण सुट्टीत गावी राहून मुलगा आजोबांकडे शिकला. मुलगा बारावी झाला तेव्हा येथील विद्यापीठात संगीताचा अर्ज भरावयाचा ठरला, आणि तो भरून द्यावयास आम्हीच बसलो. अर्जात 'वाद्य' या शब्दापुढे पाच नावे होती आणि त्यांतील एक निवडावयाचे होते. सनई नव्हती. 'इतर' असाही रकाना नव्हता. आम्ही विभागात दूरध्वनी केला. त्यांनी सांगितले, बासरी लिहा, नाहीतरी फुंकीचेच आहे. मुलाने आमच्याकडे पाहिले. त्याच्या बोटांना आणि ओठांना ठाऊक होते की, सनईची फुंक ही बासरीची फुंक नव्हे. त्याने अर्ज भरला नाही.

आता तो लग्नसराईत एका बँडबरोबर गणवेश चढवून जातो आणि उरलेले महिने घरोघर सामान पोचवितो. परवा त्याचे वडील आम्हांस म्हणाले, "भाऊसाहेब, पोराचा हात अजून चांगला आहे. पण म्हातारे गेले. आता त्याला चुकलं म्हणून सांगणारं कोणी उरलं नाही."

विद्यापीठ म्हणजे दुसरे काय असते? चुकले हे सांगणारा जाणता मनुष्य रोज भेटण्याची जागा. ती जागा सरकारच्या पैशाने उभी आहे, तिला इमारत आहे, नोंदवही आहे, ग्रंथालयही आहे. तो मुलगा तिच्यापासून चार मैलांवर राहतो. या चार मैलांचे अंतर कोणी निर्माण केले आणि ते कोणी मिटवावयाचे, हा प्रश्न आम्ही आमच्या वाचकांपुढे, आणि सर्वांत आधी स्वतःपुढे, ठेवीत आहो.